रांगेतले नाना

रोलर कोस्टरच्या रांगेत तासभर उभा राहून, ऐन पाळी आली की "तुम्ही व्हा पुढे" म्हणत बाजूच्या फाटकातून बाहेर पडणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. त्याच्या एका खांद्यावर बायकोची पर्स असते, दुसऱ्यावर नातवाचं दप्तर, हातात चार जणांचे चष्मे आणि खिशात सगळ्यांचे मोबाइल. घरच्यांना वाटतं, तो घाबरतो. तो घाबरतोही. पण बाहेर पडण्याचं खरं कारण ते नसतं. त्याचं बघून झालेलं असतं.

आमच्या जमनापारच्या सोसायटीत, मयूर विहारला, असे एक नाना आहेत. १९८१ साली वाईहून दिल्लीला आले, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चिकटले आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले. नोकरी संपली, पण फायलीची सवय गेली नाही. बोलताना मुद्द्यांना क्रमांक घालतात. "एक, हा आकाशकंदील चिनी आहे. दोन, तो दिवाळीनंतर लावलाय. तीन, दुसऱ्या मुद्द्याच्या अनुषंगाने पहिला मुद्दा निकाली निघतो."

आणि प्रत्येक गोष्टीला त्यांचा एकच प्रश्न असतो. "सगळं ठीक आहे, पण संदर्भ काय?"

गणपतीच्या आराशीत कुणी बुर्ज खलिफा उभारला, संदर्भ काय? हळदीकुंकवाला मोमो ठेवले, संदर्भ काय? डी ब्लॉकमधला मुलगा तबला शिकतो, त्याच्या वाढदिवसाला आईनं गिटारच्या आकाराचा केक आणला. नाना केक खात होते, दुसरा तुकडाही त्यांनी घेतला, पण घेता घेता त्या माउलीला विचारलंच. तिनं सांगितलं, "नाना, बेकरीत तबल्याचा साचा नव्हता." नानांनी मान डोलावली. कारण नोंदवलेलं असलं की त्यांची तक्रार राहत नाही. विनाकारण झालेलं मात्र त्यांना खपत नाही.

करमणुकीची ठिकाणं म्हणजे तर विनाकारण गोष्टींचं आगर. नानांचं आणि त्यांचं वैर अप्पू घरापासूनचं. १९८२ च्या आशियाई खेळांचं शुभचिन्ह अप्पू हत्ती. त्याचं नाव घेऊन १९ नोव्हेंबर १९८४ ला प्रगती मैदानात ते पार्क उघडलं. दिल्लीत तेव्हा राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या अल्बममध्ये अप्पू घरचा एक तरी फोटो सापडेल. नानांच्या अल्बममधल्या फोटोत माई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पाळण्यात हसतायत आणि नाना खाली उभे राहून पाळण्याऐवजी पाटीकडे बघतायत. "हत्तीचं घर म्हणायचं आणि हत्तीला उंच पाळण्यांच्या मधे उभं करायचं. हत्ती कधी झोक्यावर बसतो का?" हा आक्षेप चाळीस वर्षांचा झाला तरी अजून टवटवीत आहे. २००८ च्या फेब्रुवारीत अप्पू घर बंद झालं आणि जागा सुप्रीम कोर्टाच्या विस्ताराला गेली तेव्हा सगळी दिल्ली हळहळली. नानाही हळहळले, पण म्हणाले, "चला, निदान आता तिथे प्रत्येक गोष्टीला संदर्भ द्यावा लागेल."

जत्रेतल्या झुलत्या जहाजाला आपल्याकडे सर्रास 'कोलंबस' म्हणतात, त्यावरही त्यांचं एक टिपण आहे. "भारत शोधायला निघाला आणि भलतीकडेच पोचला. त्याला हुडकून इथे आणलाय आणि जागच्या जागी झुलवत ठेवलाय. म्हणजे आला भारतात, पण किनाऱ्याला काही लागत नाही. ही थीम मात्र मला मान्य आहे." नानांच्या तोंडून मान्यता निघणं दुर्मिळ, म्हणून हे वाक्य आम्ही जपून ठेवलंय.

सराय काले खांजवळचं 'वेस्ट टू वंडर' पार्क २०१९ साली सुरू झालं. महापालिकेनं भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी केली: ताजमहाल, पिरॅमिड, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, रोमचं कलोसियम, रिओचा ख्रिस्त आणि स्वातंत्र्यदेवता. लोक फोटो काढत होते. नाना कागद काढून बसले. २००७ साली लिस्बनमध्ये जाहीर झालेली सात आश्चर्यांची यादी त्यांना पाठ आहे. "ताज, कलोसियम, ख्रिस्त, हे तीन पास. पिरॅमिडला त्या यादीत मानद स्थान, म्हणजे ग्रेस मार्क. आयफेल, पिसा, स्वातंत्र्यदेवता नापास. चीनची भिंत, पेट्रा, माचू पिच्चू, चिचेन इत्झा, चौघं गैरहजर." माई शेजारी शेंगदाणे खात उभ्या होत्या. "अहो, भंगाराचा ताजमहाल केलाय, ते बघा की." नानांनी बघितलं. मग खूप वेळ बघितलं. एका मिनाराच्या बुडाशी त्यांना कसलासा गिअर दिसला आणि तो कुठल्या गाडीचा यावर त्यांची आणि तिथल्या पहारेकऱ्याची चांगली अर्धा तास चर्चा झाली. पहारेकरी म्हणे ट्रॅक्टरचा, नाना म्हणे मेटॅडोरचा. अजून निकाल लागलेला नाही.

माईंविषयी सांगायला हवं. साडीला दोन पिना जास्त लावून त्या कुठल्याही गाडीत पहिल्या रांगेत बसतात. रोहिणीचं ॲडव्हेंचर आयलंड झालं, नोएडाचं वर्ल्ड्स ऑफ वंडर झालं, सगळीकडे माई वर आणि नाना खाली. त्यांचा संसार असाच आहे. माई अनुभव घेतात, नाना अहवाल देतात.

पण नानांचा खरा पराक्रम खोपोलीचा. नातवंडांच्या सुट्टीत सगळे मिळून इमॅजिकाला गेले. २०१३ साली सुरू झालेलं हे पार्क, आणि तिथला नायट्रो म्हणजे आपल्याकडच्या रोलर कोस्टरांतला मानाचा गडी. चाळीस मीटर उंची, ताशी एकशे पाच किलोमीटर वेग, पाच ठिकाणी माणूस उलटा. पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी. नाना रांगेत उभे राहिले, वर बघितलं, रुळाचा रंग बघितला, पाटी वाचली आणि बाजूच्या फाटकातून बाहेर आले. माई फेरी मारून परतल्या. अंबाडा सुटलेला, चेहरा लाल.

"कसं होतं?"

"काय मजा आली म्हणून सांगू!"

"ते झालं. थीम काय होती?"

"मी डोळे मिटले होते हो."

यावर नानांनी आतापर्यंतचं सर्वांत मोठं भाषण केलं. पार्क आहे बोरघाटाच्या पायथ्याशी. १८६३ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुलाची आगगाडी हा घाट चढली, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडीची दिशाच उलटायची आणि पुढचा प्रवास शेपटाकडून व्हायचा. १९२९ पर्यंत हे चालू होतं. "अरे, जगातल्या कोस्टरवाल्यांनी गाडी उलटी पळवण्यासाठी केवढी डोकेफोड केलीय, आणि इथे समोरच्या डोंगरावर आपल्या पणजोबांनी ती तिकीट काढून अनुभवलीय! रांग म्हणजे कर्जत स्टेशन करा. वडे विका. मागून जादा इंजिन लावा, धक्का बसू दे. वर चढवा, बोगद्यात घाला, अंधार करा, आणि बाहेर काढताना उलटी काढा. लागतंय काय आणखी?"

मग शिंगरोबा आला. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा तो धनगर. आख्यायिका अशी की वाट दाखवण्याचं बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर घाटात त्याचं देऊळ आहे आणि अजूनही गाडीवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. "गाडी सुटण्याआधी प्रत्येकानं एक नाणं टाकायचं," नाना म्हणाले. "भीती वाटते ना? मग आपली भीती ठेवायला आपला देव पाहिजे." घाट बांधताना मेलेल्या मजुरांसाठी एक दगडी पाटीही त्यांनी योजून ठेवलीय, उतरण्याच्या फाटकापाशी, कारण चढताना कुणी वाचणार नाही.

सगळे गप्प झाले. नानांच्या इतक्या वर्षांच्या आक्षेपांत हा एक असा होता की ज्याला कुणाकडे उत्तर नव्हतं. मला विचाराल तर त्या कोस्टरच्या रांगेत मीही उभा राहीन.

पण नाना विजय पचवू शकत नाहीत. पुढच्याच वळणावर 'सलीमगड' नावाचं भुताचं घर लागलं आणि ते पुन्हा पेटले. "सलीमगड आमचा आहे! लाल किल्ल्याच्या मागे, यमुनेच्या काठी. १५४६ साली शेरशहाच्या पोरानं बांधला. आझाद हिंद सेनेचे कैदी तिथे ठेवले होते. किल्ल्यातून आगगाडी जाते. तो खोपोलीत काय करतोय?" तिकीट तपासणारा मुलगा मराठी होता, नम्र होता. म्हणाला, "काका, तो वेगळा असेल." नाना म्हणाले, "मग नाव वेगळं ठेवा." त्या दिवशी पूर्ण समाधान त्यांना एकाच गोष्टीनं दिलं, ते म्हणजे राजासोरसनं. नर्मदेच्या खोऱ्यातला, गुजरातेत ज्याची हाडं सापडली आणि २००३ साली ज्याला नाव मिळालं, तो आपला डायनोसॉर. बोटीतून त्याच्या गुहेत जायचं असतं. नाना त्या बोटीत बसले. होय, बसले. संदर्भ असला की ते कशातही बसतात.

मुलीकडे अमेरिकेला गेले तेव्हा ओरलँडोला डिस्नेच्या पार्कात एव्हरेस्टची गाडी बघून आले. २००६ साली उघडलेला तो कृत्रिम डोंगर दोनशे फुटांच्या किंचित आत ठेवलाय, कारण त्यावर गेला तर विमानांसाठी शिखरावर लाल दिवा लावावा लागला असता. हे नानांना फार आवडलं. नियम पाळणारा हिमालय त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. पण गोष्ट अशी रचलीय की ही चहा वाहणारी जुनी रेल्वे, 'आनंदपूर' नावाच्या काल्पनिक राज्यातली. "आनंदपूर कुठल्या जिल्ह्यात?" नानांनी जावयाला विचारलं. "आणि चहा दार्जिलिंगला, आसामला. एव्हरेस्टच्या बर्फात चहाचा मळा कुणी लावला?" डोंगराच्या पोटात पंचवीसएक फुटी यांत्रिक यती आहे. सुरुवातीला तो गाडीवर झेपावायचा, मग बिघडला, आणि तेव्हापासून स्थिर उभा करून त्याच्यावर लखलखता दिवा मारतात, म्हणजे हलल्याचा भास होतो. नानांना त्याच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. "आमच्या खात्यात असे दोन सहसचिव होते," म्हणाले.

त्याच सुमारास तिकडे एका दुसऱ्या गाडीवरून रण माजलेलं. पाण्यातून घसरणारी 'स्प्लॅश माउंटन'. तिची गोष्ट १९४६ च्या एका सिनेमातली, आणि त्यातलं गुलामगिरीनंतरच्या दक्षिणेचं गोडगुलाबी चित्र अनेकांना सलत होतं. २०२० साली डिस्नेनं थीम बदलायची ठरवली, २०२३ मध्ये गाडी बंद केली, २०२४ मध्ये ती राजकन्या टियानाची म्हणून उघडली. बदला म्हणणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, बदलू नका म्हणणाऱ्यांनीही केल्या. रूळ तेच, पाणी तेच, घसरण तीच. हे सगळं नानांनी वाचलं आणि ते अक्षरशः दहा वर्षांनी तरुण झाले. "बघा! मी एकटा नाही! खंडच्या खंड संदर्भावर भांडतोय!" परत आल्यावर महिनाभर त्यांच्या बोलण्यात टियाना होती. माईंना वाटलं, मुलीच्या शेजारीणबाई.

आणि मग गेल्या दसऱ्याला आमच्या इथे मेळा भरला.

दिल्लीत रामलीला म्हटलं की मेळा आलाच: गोलगप्पे, टिक्की, निशाणेबाजी आणि झूले. आमच्या मेळ्यात त्या वर्षी पहिल्यांदाच छोटा रोलर कोस्टर येणार होता. जत्रेत फिरतो तसला, लंबगोल रूळ, दोन चढ, डब्यांना ड्रॅगनचं तोंड. सोसायटीच्या बैठकीत ठेकेदारानं फोटो दाखवला आणि नाना उभे राहिले.

"रामलीलेत ड्रॅगन? संदर्भ काय?"

खरं तर तिथेच विषय संपला असता. पण सेक्रेटरीसाहेब लखनौचे, अदबशीर माणूस. म्हणाले, "आप ही बताइए नानाजी, क्या होना चाहिए?" अशा माणसाला हा प्रश्न कधी विचारू नये.

नाना म्हणाले, पुष्पक विमान. टाळ्या पडल्या. तेवढ्यात बी ब्लॉकचे बंगाली दादा म्हणाले, पुष्पकातूनच तर रावणानं सीतेला नेलं, आपण मुलांना त्यात बसवायचं? नानांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली: वाल्मीकींच्या रामायणात हरणाच्या वेळचा रथ वेगळा, गाढवं जुंपलेला, पुष्पक कुबेराचं, रावणानं हिसकावलेलं, आणि रामानं अयोध्येला पोचल्यावर ते मालकाला परत पाठवलं. "म्हणजे चोरीचा माल," मागून कुणीतरी बोललं. पुष्पक बाद.

तळमजल्यावरच्या तमिळ मामी म्हणाल्या, गरुड करा. यावर नानाच म्हणाले, डबे सापासारखे आणि तोंड गरुडाचं? स्वतःलाच खाईल. मग शेषनाग. पण शेष हलला की भूकंप होतो, आणि दिल्ली भूकंपाच्या चौथ्या झोनमध्ये. जटायू सुचवणाऱ्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं, कारण जटायू पडतो, आणि त्याच्या नावाच्या गाडीत पोर कोण बसवणार? मारुतीवर एकमत होत आलं होतं, पण मारुतीच्या पाठीवर चपला घालून बसायचं का, यावर बैठक तहकूब झाली. इतिवृत्त नानांनी लिहिलं. त्यात शेवटचं वाक्य आहे: 'चपलांचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घ्यावा.'

ठेकेदार मथुरेकडचा, तोंडात मसाला. दुसऱ्या दिवशी तो नानांच्या घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "बाबूजी, यही ड्रैगन ईद के मेले में चला है. बड़े दिन पर इसी को लाल टोपी पहनाई थी. इसका धरम एक ही है, पचास रुपये सवारी."

मेळ्यात ड्रॅगनच आला. त्याला झेंडूची माळ घातली होती, एवढाच काय तो रामायणाशी संबंध. आम्हाला वाटलं नाना रुसतील. नाना पहिल्या संध्याकाळी नातवाचं दप्तर खांद्यावर घेऊन रांगेत हजर. गाडी होती एकच, पोरं दोनशे. रांग कनातीपर्यंत गेलेली, चुळबुळ, ढकलाढकली, आणि फुटबॉलच्या कपड्यातल्या एका मुलानं नानांना विचारलं, "अंकल, ये ड्रैगन यहाँ क्यों है?"

नाना खाली बसले. एक, ड्रॅगन इथे का नसायला हवा. दोन, त्याच्या जागी काय असायला हवं होतं. त्यांच्या त्या वाईकडच्या हिंदीत, 'रावण ने कुबेर का विमान बळकाया' अशा थाटात, पुष्पक कुणी केलं, कुणी चोरलं, त्यात माणसं कितीही वाढली तरी जागा कशी उरायची, हे सगळं. मग गाढवांचा रथ. जटायूनं तो कसा मोडला. पोरं हसत होती. रांग पुढे सरकली की नानाही सरकायचे, फाटकापाशी पोचले की बाजूला व्हायचे आणि पुन्हा शेपटाशी जाऊन उरलेल्यांना गोष्ट सांगायचे. गाडीची फेरी होती दोन मिनिटांची. त्यातून उतरलेली पोरं धावत पुन्हा रांगेत येऊन विचारायची, "अंकल, फिर जटायु का क्या हुआ?" ठेकेदार गल्ल्यावरून हे बघत होता. दहाही दिवस त्याच्या रांगेतून कुणी कंटाळून परत गेलं नाही.

विजयादशमीला रावण जळल्यावर तो नानांना हात जोडून म्हणाला, "अगले साल भी आना बाबूजी." नानांनी उत्तर दिलं की येईन, पण ड्रॅगनबद्दलचा आक्षेप कायम समजावा.

हल्ली ते पुन्हा बोरघाटाकडे वळलेत. आराखडा तयार आहे. चार पानं, डावीकडे समास सोडलेला, सोबत कर्जत स्टेशनचा नकाशा आणि वड्यांच्या गाड्या कुठे लावायच्या त्याची वेगळी पुरवणी. तुमच्या ओळखीत कुणी असलं पार्क काढणारं असेल तर कळवा, मी नानांकडून प्रत आणून देतो. पोच मात्र सहीनिशी द्यावी लागेल.